अर्ध्या कपाची नोंद

बाबांच्या बायोप्सीचा अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळे नीट समजावून सांगितले. प्रोस्टेट ग्रंथीतून घेतलेल्या १२ तुकड्यांपैकी ४ तुकड्यांत कर्करोगाच्या पेशी होत्या, आजार ग्रंथीबाहेर पसरलेला दिसत नव्हता आणि उपचारांचा निर्णय घाईने घेण्याची गरज नव्हती. बाबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, एकही शंका विचारली नाही. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मात्र पट्टा लावता लावता ते म्हणाले, "माझ्या चहामुळे झालं असेल का रे हे?"

"छे हो बाबा, चहाचा काय संबंध?" असे मी म्हणालो खरा, पण ज्या खात्रीने म्हणालो तिच्यामागे काहीही माहिती नव्हती. पन्नास वर्षे दिवसाला सहा-सात कप चहा घेतलेल्या माणसाने आपल्या आजाराचे कारण स्वतःच्या हातातल्या कपात शोधावे, हे मला फार लागले. धीर देण्यासाठी मी जे बोललो ते खरे आहे की नाही, हे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे, असे त्या रात्री वाटले आणि पुढचे काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचत राहिलो. मी डॉक्टर नाही. माझे सारे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले आहे आणि आकडा दिसला की त्यामागची पावती मागायची, एवढी एकच सवय मला या वाचनात उपयोगी पडली.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तिचा कर्करोग जगभरात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात त्याचे सुमारे १४ लाख ७० हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ४ लाख पुरुष त्याने दगावले. या दोन आकड्यांतले अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्रोस्टेटच्या अनेक गाठी इतक्या संथपणे वाढतात की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणाने जातो आणि गाठीचा त्याला पत्ताही लागत नाही, तर काही गाठी हाडांपर्यंत पोहोचतात आणि जीव घेतात. त्यामुळे चहा-कॉफीने हा कर्करोग होतो का, या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. गाठ सापडण्याची शक्यता हा एक, आणि ती जीवघेणी ठरण्याची शक्यता हा दुसरा. बातम्या वाचताना हे दोन्ही इतके सरमिसळ झालेले आढळतात की सुरुवातीला माझाही गोंधळ उडाला.

वाचायला लागल्यावर पहिल्यांदा समोर आला तो चहाचा नव्हे, कॉफीचा अभ्यास. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या ४७,९११ पुरुषांच्या आहाराची नोंद हार्वर्डच्या संशोधकांनी १९८६ पासून दर चार वर्षांनी ठेवली आणि २००६ पर्यंत त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला. या काळात ५,०३५ जणांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला, त्यांपैकी ६४२ जणांचा आजार प्राणघातक ठरला, म्हणजे एकतर मृत्यू झाला किंवा तो शरीरात दूरवर पसरला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की दिवसाला ६ किंवा त्याहून अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत कॉफी अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत एकूण कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी आणि प्राणघातक कर्करोगाचे प्रमाण ६० टक्क्यांनी कमी होते. साठ टक्के हा आकडा वाचून मी खुर्चीतून उठलो. बाबांनी आयुष्यभर चहाऐवजी कॉफी घेतली असती तर, असा विचार क्षणभर मनात येऊन गेला आणि त्याची मला लगेच लाजही वाटली.

सवयीने पावती शोधली. त्याच अभ्यासात दर वर्षी दर लाख पुरुषांमागे किती, असा हिशेबही दिलेला होता. कॉफी न पिणाऱ्या १ लाख पुरुषांत वर्षाला साधारण ७९ जणांना प्राणघातक कर्करोग झाला, तर ६ कप पिणाऱ्या १ लाखांत साधारण ३४ जणांना. साठ टक्के या शब्दांत जी भीती आणि जो दिलासा भरलेला आहे, तो लाखात ४५ म्हटल्यावर जागच्या जागी बसतो. फरक खरा असेल तर तो महत्त्वाचा आहेच, आणि वर्षामागून वर्षे धरली तर तो साचतही जातो. तरी कॉफी न पिणाऱ्यांतही दर वर्षी लाखातल्या ९९,९२१ जणांना हा जीवघेणा आजार झालेला नव्हता, हेही त्याच कागदावर लिहिलेले आहे. मथळे लिहिणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, असे मला मनापासून वाटते.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटली. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही जवळपास तेवढाच फरक दिसत होता. म्हणजे गुण असलाच तर तो कॅफिनचा नसावा. कॉफीत शेकडो संयुगे असतात. क्लोरोजेनिक आम्लासारखी काही संयुगे शरीरातल्या साखरेच्या आणि इन्सुलिनच्या व्यवहारावर परिणाम करतात, आणि कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळतो ही गोष्ट बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली आहे. पण २०१७ मध्ये इटलीतल्या मोलिसे भागातल्या जवळपास ७ हजार पुरुषांवरचा अभ्यास आला. त्यात दिवसाला ३ हून अधिक कप कॉफी घेणाऱ्यांत धोका ५३ टक्क्यांनी कमी दिसला, आणि त्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींवर कॉफीचा अर्क टाकून पाहिला तेव्हा कॅफिन असलेल्या अर्काचाच परिणाम ठळक होता. एका ठिकाणी कॅफिनचा संबंध नाही, दुसऱ्या ठिकाणी सारे श्रेय कॅफिनला. शिवाय इटलीतल्या त्या सात हजारांत अभ्यासाच्या सुमारे चार वर्षांत कर्करोग झाला तो अवघ्या १०० जणांना. शंभर जणांचे चार-पाच गट पाडले की प्रत्येक गटात किती माणसे उरतात, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

बाबांच्या प्रश्नाला थेट भिडणारा अभ्यास पुढे सापडला आणि तो वाचताना माझे हात गार पडले. स्कॉटलंडमध्ये १९७० ते १९७३ या काळात ६,०१६ पुरुषांची नोंदणी झाली होती आणि ३७ वर्षांपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दिवसाला ७ किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण सर्वांत कमी चहा पिणाऱ्यांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होते. सात कप! बाबांचा आकडा. तो लेख मी त्यांच्यापासून लपवावा की काय, असा विचार करत मी शेवटपर्यंत वाचला, तेव्हा शेवटी संशोधकांनीच एक महत्त्वाची गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केलेली दिसली. भरपूर चहा पिणारे हे पुरुष इतरांपेक्षा सडपातळ होते, मद्य कमी घेत होते आणि त्यांचे कोलेस्टेरॉलही चांगले होते. प्रोस्टेटचा कर्करोग मुळात उतारवयाचा आजार आहे. जो हृदयविकाराने साठीत जात नाही, तो या आजाराच्या वयापर्यंत पोहोचतो. तेव्हा ते अधिक चहामुळे आजारी पडले की अधिक जगल्यामुळे, हे त्या अभ्यासावरून ठरवता येत नव्हते.

मला खरे उत्तर मिळाले ते मात्र कोणत्याही शोधनिबंधात नाही. ते आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेल्या एका वहीत होते.

निदान होण्याच्या काही महिने आधी मूत्रविकारतज्ज्ञांनी बाबांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली होती. किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवीला गेले, रात्री किती वेळा उठावे लागले, एवढेच लिहायचे होते. बाबांनी ती वही शाळेतल्या मुलाच्या टापटिपीने लिहिली होती. पट्टीने रेघा मारून चार रकाने केलेले, वेळ निळ्या शाईत, प्रमाण लाल शाईत. कागदपत्रे आवरताना ती वही हाती आली आणि मी सहज पाने चाळू लागलो. सकाळी ६, चहा, १ कप. सकाळी ९, चहा, अर्धा कप. दुपारी ३, चहा, अर्धा कप. संध्याकाळच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. दिवसाचा एकूण चहा दोन कप. सहा-सात कपांचे बाबा कुठे गेले?

विचारले तेव्हा म्हणाले, "अरे, दोन-तीन वर्षं झाली कमी करून. रात्री चार-चार वेळा उठायला लागायचं. संध्याकाळचा बंद केला, मग दुपारचा अर्ध्यावर आणला." त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, आणि रोज त्यांच्या पुढ्यात बसणाऱ्या आमच्याही ते लक्षात आले नव्हते. कप तोच होता. तो अर्धाच भरलेला असतो, हे कोणी वाकून पाहिले नव्हते.

त्या अर्ध्या कपावर मी बराच वेळ विचार करत बसलो. वय वाढते तशी प्रोस्टेट ग्रंथी बहुतेकांची वाढते. ही वाढ कर्करोगाची नसते, पण मूत्रमार्ग आवळला जातो, लघवी पूर्ण होत नाही, रात्री उठावे लागते. चहा आणि कॉफी या दोन्हींतले कॅफिन मूत्राशयाला डिवचते, म्हणून त्रास होणारा माणूस सर्वांत आधी तेच कमी करतो, आणि डॉक्टरही तोच सल्ला देतात. पुढे याच त्रासासाठी तो तपासणीला जातो, रक्तातले पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन, पाहिले जाते, ते वाढलेले आढळले की पुढच्या तपासण्या होतात आणि आतापर्यंत गप्प बसलेला एखादा कर्करोग सापडतो. आता समजा, त्या तीन वर्षांत एखाद्या संशोधकाने बाबांना विचारले असते की तुम्ही दिवसाला किती कप घेता, तर ते प्रामाणिकपणे दोन म्हणाले असते. कमी चहा पिणाऱ्यांच्या रकान्यात त्यांचे नाव गेले असते, आणि थोड्याच काळात त्याच रकान्यात एका कर्करोगाची भर पडली असती. ज्याला त्रास नाही तो मात्र निवांतपणे सहा कप पीत राहून निरोगी लोकांच्या रकान्यात मोजला गेला असता. कप आणि आजार यांच्यातला बाण नेहमी कपाकडूनच सुटतो असे आपण गृहीत धरतो. आमच्या घरात तो ग्रंथीकडून कपाकडे गेला होता.

ही केवळ माझी कल्पना असती तर मी ती इथे मांडलीही नसती. वैद्यकाच्या इतिहासात असे खरोखर घडलेले आहे. १९८१ मध्ये हार्वर्डच्याच ब्रायन मॅकमहॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीचा स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे प्रसिद्ध केले आणि मोठी खळबळ उडाली. स्वादुपिंडाच्या ३६९ रुग्णांची तुलना त्यांनी ६४४ इतर रुग्णांशी केली होती. ते इतर रुग्ण बरेचसे त्याच डॉक्टरांकडे पोटाच्या आणि आतड्याच्या तक्रारींसाठी येणारे होते, आणि पोट बिघडलेल्या माणसाने कॉफी कमी केलेली असणे स्वाभाविकच आहे. तुलनेसाठी घेतलेली माणसेच कॉफी सोडलेली निघाल्यामुळे कर्करोगाचे रुग्ण कॉफीबाज दिसले. पाच वर्षांनी त्याच गटाने पुन्हा अभ्यास केला, तेव्हा तो संबंध टिकला नाही. आपला निष्कर्ष आपणच पुन्हा तपासून टिकत नाही असे छापणाऱ्या त्या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो.

या पेचातून वाट काढण्याची एक सुंदर युक्ती संशोधकांनी शोधली आहे. काही जनुकांची ठेवण अशी असते की माणूस थोडी अधिक कॉफी पितो, कारण त्याचे शरीर कॅफिनचा निचरा लवकर करते. ही ठेवण गर्भातच ठरते. पुढे रात्री कितीही वेळा उठावे लागले, तरी ती बदलत नाही. मग कप मोजण्याऐवजी ही जनुकेच मोजली तर? २०१७ मध्ये ४६ हजारांहून अधिक पुरुषांच्या माहितीवर ही तपासणी झाली, आणि अधिक कॉफीकडे नेणारी जनुके असलेल्यांत प्रोस्टेट कर्करोगाचा धोका किंवा त्याने होणारा मृत्यू स्पष्टपणे कमी वा जास्त दिसला नाही. अर्थात कोण किती कॉफी पितो यातला अगदी थोडाच भाग ही जनुके ठरवतात, त्यामुळे लहानसा परिणाम या चाळणीतून निसटू शकतो. युरोपातल्या अनेक देशांतल्या १,४२,१९६ पुरुषांच्या सुमारे १४ वर्षांच्या पाहणीतही कॉफी किंवा चहा यांचा या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. दुसऱ्या बाजूला, २०२१ मध्ये १६ अभ्यास एकत्र करून १० लाखांहून अधिक पुरुषांचा हिशेब मांडला गेला, त्यात सर्वाधिक कॉफी पिणाऱ्यांचा धोका सर्वांत कमी पिणाऱ्यांपेक्षा ९ टक्क्यांनी कमी निघाला. साठ टक्क्यांवरून सुरू झालेला प्रवास नऊ टक्क्यांवर येतो आणि त्या नऊमध्येही बाबांसारखे किती अर्धे कप मिसळलेले आहेत, ते कोणत्याही बेरजेतून दिसत नाही.

एव्हाना आप्तांच्या कानावर बातमी गेली होती आणि आत्याने मोठ्या मायेने ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. तिच्या ओंजळीत काळजीच होती, म्हणून नाही म्हणणे जड गेले. ग्रीन टीची गोष्ट पोकळ मुळीच नाही. जपानमधल्या ४९,९२० पुरुषांच्या अभ्यासात दिवसाला ५ किंवा अधिक कप ग्रीन टी घेणाऱ्यांत ग्रंथीबाहेर पसरलेल्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्मे होते, मात्र ग्रंथीपुरत्या मर्यादित आजारात काहीच फरक नव्हता. २००६ मध्ये इटलीत ६० पुरुषांवर चाचणी झाली. या सर्वांच्या ग्रंथीत कर्करोगाच्या आधीच्या टप्प्यातले बदल दिसलेले होते. निम्म्यांना ग्रीन टीमधली कॅटेचिन ही द्रव्ये रोज ६०० मिलिग्रॅम दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. वर्षभरात औषध घेणाऱ्या ३० पैकी एकालाच कर्करोग झाला, तर दुसऱ्या गटात नऊ जणांना. इतका स्वच्छ निकाल क्वचितच दिसतो. पण २०१५ मध्ये अमेरिकेत ९७ पुरुषांवर अशाच प्रकारची चाचणी झाली तेव्हा हा आकडा ४९ पैकी ५ आणि ४८ पैकी ९ असा आला, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

शिवाय कपातला चहा आणि बाटलीतला अर्क ही एकच गोष्ट समजणे धोक्याचे आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले की ग्रीन टीमधले ईजीसीजी हे प्रमुख कॅटेचिन गोळ्यांच्या रूपात रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात दिसू लागतात. आणि जीवनसत्त्व ई चा अनुभव तर कोणीच विसरू नये. फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग कमी झाल्याचे दिसले, म्हणून ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी घेण्यात आली, आणि २०११ मध्ये निकाल आला तो जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढल्याचा. मी आत्याला हे सगळे समजावून सांगितले. तिने बाटली परत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं विचारलं. मी त्याला दोन-दोन द्यायला सांगणार होते."

ज्या गोष्टींचा धोक्याशी संबंध पक्का आहे, त्यांची यादी तशी छोटी आहे. वाढते वय, घराण्यातला इतिहास आणि बीआरसीए २ सारख्या जनुकांतले दोष या गोष्टी कोणाच्याच हातात नाहीत. हातातली मोठी गोष्ट म्हणजे वजन, कारण लठ्ठपणाने या कर्करोगाचा पुढच्या टप्प्यावरचा, गंभीर प्रकार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये कॉफीचा फेरविचार केला, तेव्हा प्रोस्टेटच्या बाबतीत ती कर्करोगकारक नसल्याकडेच पुरावा झुकतो असे म्हटले. तिने इशारा दिला तो ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांबद्दल, आणि तोही अन्ननलिकेच्या कर्करोगासंबंधी.

बाबांना मी हे टप्प्याटप्प्याने सांगितले. स्कॉटलंडचा अभ्यासही लपवला नाही. त्यांनी वही मागवून घेतली, आपल्याच अक्षरातले अर्धे कप पुन्हा पाहिले आणि विचारले, "म्हणजे मी चहा कमी केला तेव्हा आजार बहुधा आत होताच?" मी म्हणालो, असण्याची शक्यता आहे, बाबा, कारण या गाठी वर्षानुवर्षे संथ वाढतात. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळचा दुसरा पूर्ण भरून देत जा. रात्रीची झोप त्याच्यानं जात नाही."

वडिलांना किंवा भावाला हा आजार झालेला असला की पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो. म्हणून गेल्या महिन्यात मीही पीएसए तपासून घेतले. रक्त देण्याआधी भरायच्या अर्जात घराण्यातल्या आजारांचे, झोपेचे, व्यायामाचे प्रश्न होते आणि त्यांच्याच खाली एक प्रश्न होता, चहा किंवा कॉफी दिवसातून किती कप. मी ३ असा आकडा घातला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. मग थांबलो. बाबांचे निदान होईपर्यंत मी रोज पाच कप घेत होतो, आणि दोन कप कधी गळून पडले ते मला आठवत नव्हते. चौकटीत जागा नव्हती, म्हणून समासात बारीक अक्षरांत लिहिले: मागच्या वर्षापर्यंत ५.